ड्रिफ्टिंगसाठी जुनी बीएमडब्ल्यू : मोजक्या पैशांत काय बदलावे, काय तसेच ठेवावे

मागची चाके जाणीवपूर्वक घसरवायची, पुढची चाके वळणाच्या उलट दिशेला फिरवायची आणि गाडी आडवी ठेवून ती संपूर्ण वळणातून ताब्यात राखत न्यायची, या कौशल्याला ड्रिफ्टिंग म्हणतात. त्याचे मूळ जपानमध्ये आहे. १९७० च्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी हे शर्यतपटू सर्किटवर अशा पद्धतीने वळणे घेत. पुढे केइची त्सुचिया यांनी टोयोटाच्या एई८६ या साध्या, हलक्या गाडीतून घाटरस्त्यांवर ही शैली रुजवली आणि १९८७ मध्ये निघालेल्या ‘प्लसपी’ या चित्रफितीमुळे ती देशभर पोहोचली. अमेरिकेत २००४ पासून ‘फॉर्म्युला ड्रिफ्ट’ ही व्यावसायिक मालिका भरते. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय स्पर्धा होतात आणि स्कॉटलंडमधील लॉकगेली येथे ड्रिफ्टिंगलाच वाहिलेले ‘ड्रिफ्टलँड’ हे सर्किट आहे. अनेक छोटी सर्किटेही सरावाचे दिवस ठेवतात. दिवसाचे शुल्क भरून स्वतःच्या गाडीने तेथे उतरता येते.

ब्रिटनमधील भारतीय अभियंते, डॉक्टर आणि संगणक व्यावसायिक अशा सराव-दिवसांकडे वळू लागले की पहिला प्रश्न गाडीचा येतो आणि दुसरा तिच्यावरच्या खर्चाचा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा चुकीच्या टोकापासून शोधले जाते. टर्बो, आवाजी सायलेन्सर आणि रुंद चाके यांवर पैसे संपतात, आणि पहिल्याच दिवशी दुपारी गाडी रेडिएटरमधून वाफ सोडत बाजूला उभी राहते.

गाडीची निवड

ड्रिफ्टिंगसाठी मागच्या चाकांना जोर देणारी गाडी लागते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनीतून प्रवास केलेल्या पिढीला ही रचना ठाऊक आहे : इंजिन पुढे, मागे फिरत जाणारा लांब शाफ्ट आणि जोर मागच्या आसावर. आजच्या बहुसंख्य छोट्या गाड्यांत पुढचीच चाके ओढतात, म्हणून त्या या कामाच्या नाहीत. निस्सानच्या सिल्व्हिया मालिकेतील गाड्या एके काळी स्वस्त होत्या. आता त्या संग्राहकांच्या हाती गेल्या आहेत. माझ्दा एमएक्स-५ हलकी आणि प्रामाणिक गाडी आहे, पण तिचा चाकांमधला पल्ला आखूड असल्याने ती झटकन गरकन फिरते आणि नवशिक्याला घाबरवते. ब्रिटनमध्ये उरतो तो सर्वांत व्यवहार्य पर्याय म्हणजे बीएमडब्ल्यूची तिसरी मालिका, विशेषतः १९९८ ते २००६ या काळात निघालेली ई४६ पिढी. पुढचे सर्व विवेचन तिला धरूनच आहे.

या पिढीतील सहा सिलिंडरची इंजिने घ्यावीत. ३२८आयमध्ये १९३ अश्वशक्ती, नंतरच्या ३२५आयमध्ये १९२ आणि ३३०आयमध्ये २३१ अश्वशक्ती मिळते. शिकण्यासाठी यांतील कोणतेही पुरेसे आहे. चार सिलिंडरची ३१८आय स्वस्त दिसते, पण तिच्यात जोर कमी पडतो आणि २००१ नंतरच्या तिच्या इंजिनातील टायमिंग चेनचा लौकिक चांगला नाही. गिअर हाताने बदलणारेच हवेत. ऑटोमॅटिक गाडी घेऊन नंतर गिअरबॉक्स बदलणे हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरतो.

लंडनच्या आसपास राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. २९ ऑगस्ट २०२३ पासून शहराच्या सर्व बरोंमध्ये अल्ट्रा लो एमिशन झोन लागू आहे. पेट्रोल गाडी युरो ४ निकषात बसत नसेल तर रस्त्यावर काढलेल्या प्रत्येक दिवसाचे १२.५० पौंड पडतात. ई४६ च्या काही गाड्या निकषात बसतात, काही बसत नाहीत. खरेदीपूर्वी नोंदणी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर घालून पाहिला की उत्तर मिळते.

आधी पत्रा

ई४६ चे सर्वांत गंभीर दुखणे इंजिनात नाही, जमिनीच्या पत्र्यात आहे. मागचा सबफ्रेम, म्हणजे डिफरन्शियल आणि मागचे सस्पेन्शन ज्यावर बसते ती चौकट, गाडीच्या तळाला चार ठिकाणी बोल्टने जोडलेली असते. क्लच सोडताना आणि गॅस दाबताना बसणारा प्रत्येक झटका या चार बिंदूंतून पत्र्यात उतरतो. वर्षानुवर्षे हे झटके खाऊन तेथील पत्रा तडकतो. सभ्यपणे चालवलेल्या गाड्यांतही हे घडते. ड्रिफ्टिंगमध्ये तेच काम काही दिवसांत होते, कारण त्यात क्लच झटक्याने सोडून चाके मुद्दाम सैल करणे हे नित्याचे तंत्र आहे.

म्हणून गाडी घेण्यापूर्वी ती लिफ्टवर चढवून, विजेरी आणि तारेचा ब्रश घेऊन चारही जागा स्वच्छ करून पाहाव्यात. काळ्या लेपाखाली केसासारखी रेघ दिसली तरी ती तडाच समजावी. गाडी हलताना मागून येणारा ‘ठक्’ हाही इशारा असतो. तडा बारीक असताना वेल्डिंग करून वर जाड पत्र्याच्या पट्ट्या बसवता येतात. पत्रा फाटल्यावर दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपलीकडे जातो. सबफ्रेम खाली उतरवावा लागत असल्याने मजुरीच मोठी असते. नेमके म्हणूनच तडा नसला तरी, कोणत्याही कारणाने सबफ्रेम उतरवला की त्याच वेळी या पट्ट्या आणि नवे बुश बसवून घ्यावेत. पट्ट्यांचा संच स्वस्त असतो. साऱ्या सूचीत कमीत कमी पैशांत सर्वाधिक वाचवणारा बदल हाच आहे. दुर्दैवाने तो छायाचित्रात दिसत नाही, त्यामुळे लोकप्रियही नाही.

थंडावा

महामार्गावर ताशी ७० मैल वेगाने जाणाऱ्या गाडीच्या रेडिएटरवर वारा सरळ आदळत असतो. ड्रिफ्टिंगमध्ये गाडीचा वेग त्याच्या निम्माच असतो, इंजिन मात्र लाल रेषेजवळ फिरत असते आणि गाडी आडवी असल्याने वारा समोरून येतच नाही. उष्णता सर्वाधिक आणि थंडावा सर्वांत कमी, अशी ही स्थिती आहे.

ई४६ च्या कूलिंग सिस्टिममध्ये प्लास्टिकचा वापर मुबलक आहे. कूलंटची टाकी, थर्मोस्टॅटचे घर आणि रेडिएटरच्या नळीचे तोंड वीस वर्षांत बिस्किटासारखे ठिसूळ होतात. युरोपातील या इंजिनांचा ब्लॉक ॲल्युमिनिअमचा आहे. एकदा तापून हेड वाकले आणि हेडचे बोल्ट धरणारे आटे ब्लॉकमधून निघून आले की ते इंजिन टाकूनच द्यावे लागते. त्यामुळे वॉटर पंप, थर्मोस्टॅट, टाकी, होज पाइप आणि गरज वाटल्यास रेडिएटर हे सारे एकाच वेळी, नामांकित उत्पादकाचे, नवे बसवावे. मोठा ॲल्युमिनिअम रेडिएटर हा नंतरचा विषय आहे. नव्या अवस्थेतील मूळ यंत्रणा २०० अश्वशक्तीच्या गाडीला पुरते. गाडीतला तापमानाचा काटा मात्र विश्वासाचा नाही. तापमान बऱ्याच मोठ्या टप्प्यात बदलले तरी तो मध्यावरच स्थिर ठेवलेला असतो, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. वेगळा तापमापक थोड्या पैशांत बसतो.

याच ओघात तेलाचे. दर दोन-तीन सराव-दिवसांनी इंजिन ऑइल बदलावे आणि पातळी कायम वरच्या खुणेजवळ ठेवावी, कारण सततच्या आडव्या ओढीने तेल एका बाजूला सरकते आणि पंपाच्या तोंडाशी हवा येते. शिवाय या इंजिनांत तेलाच्या पंपाची चक्री धरणारा नट उच्च फेऱ्यांच्या कंपनांनी सैल होण्याची कमजोरी आहे. ऑइल सम्प उघडला गेलाच, तर तो नट तारेने बांधून घेणे शहाणपणाचे.

पॉवर स्टिअरिंगचे तेल हा दुर्लक्षित विषय. ड्रिफ्टिंगमध्ये स्टिअरिंग क्षणाक्षणाला एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाते. तेल उकळते, फेसाळते आणि टाकीतून बाहेर येते. ते गरम नळकांड्यांवर पडले तर आग लागू शकते. तेल बदलणे, नळ्यांच्या पकडी नव्या घालणे आणि वाऱ्यात छोटा कूलर लावणे एवढ्याने हा धोका बराच टळतो.

डिफरन्शियल : खरा निर्णय

वळणात बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापते. दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरता यावे यासाठी डिफरन्शियल असतो. साधा, म्हणजे ओपन डिफरन्शियल, ज्या चाकाला अडथळा कमी त्याच्याकडे गती जाऊ देतो. घसरणाऱ्या गाडीत वजन बाहेरच्या चाकावर जाते, आतले चाक हलके होते आणि तेच एकटे धूर काढत फिरत राहते. बाहेरच्या चाकाला जोर मिळत नाही आणि घसरण मध्येच मरते. ई४६ च्या साध्या आवृत्त्यांत असाच डिफरन्शियल येतो. त्यामुळे ड्रिफ्टिंगसाठी हा एक बदल टाळता येत नाही.

येथे दोन वाटा आहेत. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल ही महागडी आणि सभ्य वाट : जोर दोन्ही चाकांना जातो, तरी पार्किंगमध्ये गाडी बऱ्यापैकी सुतासारखी वळते. दुसरी वाट म्हणजे आतले छोटे गिअर एकमेकांना वेल्ड करून टाकणे. याला वेल्डेड डिफ म्हणतात आणि ते अगदी स्वस्तात होते. दोन्ही चाके कायम एकाच गतीने फिरतात, घसरण अंदाजे तशीच आणि तेवढीच मिळते, आणि म्हणूनच शिकण्यासाठी ते उत्तमही ठरते. किंमत दुसरीकडे मोजावी लागते. कोरड्या रस्त्यावर हळू वळताना टायर किंचाळतात, गाडी उड्या मारते, हाफ शाफ्टवर ताण येतो, ओल्या चौकात मागचा भाग अनपेक्षितपणे सुटू शकतो.

वेल्डिंग चांगल्या माणसाकडूनच करून घ्यावे. गिअर तेलमुक्त न करता वरवर ओढलेला टाका वेगात तुटला तर तुकडे गिअरमध्ये अडकून मागची चाके जागीच आवळली जाऊ शकतात. मुलांना शाळेत सोडणाऱ्या गाडीत वेल्डेड डिफ घालू नये, याबाबत दुमत असण्याचे कारण नाही.

टायर आणि चाकांची मांडणी

नवशिक्यांचा समज असा की मागच्या चाकांना उत्तम टायर हवेत. १९० अश्वशक्तीच्या गाडीत उलटे करावे. मागच्या टायरची पकड जेवढी जास्त, तेवढी चाके सैल करायला ताकद जास्त लागते. मग ताकद वाढवण्याचा खर्च मागे लागतो. मागे साध्या पकडीचे, माफक रुंदीचे टायर लावले तर आहे त्या इंजिनात काम भागते. पुढे मात्र चांगले आणि नवे टायर हवेत, कारण गाडी कुठे जाणार हे पुढचीच चाके ठरवतात.

मागच्यांसाठी वापरलेले टायर चालतात. ब्रिटनमध्ये विक्रीसाठी ठेवलेल्या वापरलेल्या टायरवर किमान २ मिलिमीटर नक्षी आणि ‘पार्ट वॉर्न’ अशी खूण असणे बंधनकारक आहे. रस्त्यावर चालवण्याची मर्यादा १.६ मिलिमीटर. टायरच्या बाजूवरील चार अंकी आकडा उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतो. फार जुना, कडक झालेला टायर धुराऐवजी चिंध्या सोडतो आणि त्या चिंध्या मागच्या मडगार्डचा पत्रा फाडून नेतात.

व्हील अलाइनमेंट हा सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत जाणवणारा बदल. पुढच्या चाकांना साधारण अडीच ते तीन अंश उणा कॅम्बर आणि किंचित बाहेरचा टो, मागे जवळजवळ सरळ उभी चाके, ही सुरुवातीची प्रचलित मांडणी आहे. पण बुश झिजलेले असतील तर ही मांडणी कागदावरच राहते. मागच्या ट्रेलिंग आर्मचे बुश, पुढच्या कंट्रोल आर्मचे मागचे बुश आणि मागच्या शॉकअपचे वरचे माउंट ही ई४६ ची तीन नेहमीची झिजणारी ठिकाणे. ती नवी केली की स्वस्त कॉइलओव्हर बसवल्याइतकाच फरक पडलेला अनेकांना जाणवतो.

कॉइलओव्हर घ्यायचेच असतील तर गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली आणण्याचा मोह आवरावा. फार खाली आणलेल्या गाडीत सस्पेन्शनचे कोन बिघडतात आणि खड्ड्यात चाक स्वतःहून दिशा बदलते.

स्टिअरिंगचा कोन वाढवण्यासाठी खास नकल्सचे महागडे संच मिळतात. पहिल्या वर्षी त्यांची गरज नसते. स्टिअरिंग रॅक आणि टाय रॉड यांच्यामध्ये काही मिलिमीटर जाडीच्या चकत्या बसवल्या की थोडा जादा कोन मिळतो. टाय रॉडचे पुरेसे आटे आत गुंतलेले राहतात ना आणि टायर कंट्रोल आर्मला घासत नाही ना, एवढे तपासावे लागते.

हँडब्रेक, आसन, सुरक्षा

हायड्रॉलिक हँडब्रेकचा उंच दांडा हे ड्रिफ्ट गाडीचे जणू मानचिन्ह झाले आहे. ई४६ चा मूळ हँडब्रेक मागच्या डिस्कच्या आत लपलेल्या छोट्या ड्रमवर, केबलने चालतो. त्याचे शू नवे घातले आणि केबल नीट ताणली तर मागची चाके व्यवस्थित आवळली जातात. हायड्रॉलिक दांडा बसवला तरी मूळ यांत्रिक हँडब्रेक काढू नये. नुसत्या तेलाच्या दाबावर धरलेला ब्रेक गाडी उभी ठेवण्यासाठी एमओटी तपासणीत चालत नाही. ब्रेकचे तेल मात्र ताजे हवे. डॉट ४ तेलाचा किमान उत्कलनबिंदू कोरड्या अवस्थेत २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो.

चालकाला घट्ट धरणारे बकेट सीट ही चैन नाही. मूळ आसनात माणूस स्टिअरिंगला लोंबकळत स्वतःला सावरतो. हात मोकळे राहिले तरच गाडीचे बोलणे हातांना कळते. मात्र मूळ आसन एअरबॅग यंत्रणेशी तारांनी जोडलेले असते. ते काढले की एअरबॅगचा दिवा लागतो आणि त्या दिव्यानिशी गाडी एमओटीत नापास होते. एफआयएच्या ८८५५-१९९९ मानकाच्या आसनाची मुदत पाच वर्षे असते. जुने आसन विकत घेताना त्यावरील तारीख पाहावी. चार टोकांचा पट्टा मागे झुकणाऱ्या मूळ आसनासोबत वापरू नये, कारण आघातात शरीर पट्ट्याखालून पुढे सरकते. हेल्मेट आणि अग्निशामक या दोनच वस्तू जुन्या बाजारातून कधीही घेऊ नयेत.

कायदा, विमा आणि व्हिसा

स्थलांतरित व्यावसायिकासाठी गाडीपेक्षा मोठी जोखीम येथे आहे. भारतीय परवान्यावर ग्रेट ब्रिटनमध्ये १२ महिने गाडी चालवता येते. त्यानंतर येथील परीक्षा द्यावी लागते. ती उत्तीर्ण झालेली व्यक्ती पुण्यात वीस वर्षे गाडी चालवून आली असली तरी कायद्याच्या दृष्टीने नवचालकच. पहिल्या दोन वर्षांत सहा दंडगुण जमले की परवाना रद्द होतो आणि परीक्षा नव्याने द्यावी लागते. विम्याशिवाय गाडी चालवल्यास किमान सहा गुण मिळतात, म्हणजे एका प्रसंगातच परवाना जातो.

गाडीतील प्रत्येक बदल विमा कंपनीला कळवणे आवश्यक असते. वेल्डेड डिफ, कॉइलओव्हर, वेगळे आसन यांतले काहीही लपवले तर दावा नाकारला जाऊ शकतो किंवा विमाच रद्द ठरू शकतो. सर्वसाधारण विम्यात सर्किटवरील सराव सहसा धरलेला नसतो.

रिकामे वाहनतळ, औद्योगिक वसाहतीतील रात्रीचे चौक या जागा ‘मोकळ्या’ वाटतात, पण धोकादायक वाहनचालनाचा गुन्हा रस्त्याइतकाच सार्वजनिक जागेलाही लागू आहे. शिवाय २००२ च्या पोलीस रिफॉर्म ॲक्टच्या कलम ५९ नुसार पोलीस अशी गाडी जप्त करू शकतात. फौजदारी शिक्षा झाल्यास ती व्हिसाच्या, कायम वास्तव्याच्या आणि नागरिकत्वाच्या अर्जात नमूद करावी लागते. सर्किटचे एका दिवसाचे शुल्क या तुलनेत नगण्य आहे.

ज्यांना परवडेल त्यांनी गाडी रस्त्यावरून काढून तिची ‘सॉर्न’ नोंद करावी आणि ट्रेलरवरून सर्किटला न्यावी. ब्रिटिश मोटार परवानाधारकांना डिसेंबर २०२१ पासून ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर वेगळ्या परीक्षेशिवाय ओढता येतो. सॉर्न केलेली गाडी ठरवून घेतलेल्या एमओटी भेटीखेरीज रस्त्यावर चालवता येत नाही.

पैशांची वाटणी

समजा, गाडीच्या किमतीशिवाय हातात २,००० पौंड आहेत. त्यातील निम्मे तरी कूलिंग, बुश, ब्रेक आणि तळाच्या पट्ट्यांसाठी राखून ठेवावेत. मग वेल्डेड डिफ, आसन आणि हेल्मेट. अलाइनमेंट आणि पुढचे दोन टायर झाल्यावर जे उरेल ते सर्किटचे शुल्क, पेट्रोल आणि मागचे टायर यांत घालावे. गाडी चालवण्याचे प्रत्यक्ष तास वाढवणारा प्रत्येक पौंड इंजिनावर घातलेल्या पौंडापेक्षा अधिक शिकवतो.

इंजिनाची ताकद वाढवण्याचा विचार, सध्याच्या ताकदीत तिसऱ्या गिअरची लांब घसरण सहज जमू लागल्यावर करावा. त्या वेळीही नैसर्गिक श्वसनाच्या या इंजिनातून सुट्या भागांनी मिळणारी वाढ थोडी असते. टर्बो बसवला तर क्लच, गिअरबॉक्स, हाफ शाफ्ट आणि रेडिएटर यांची रांग लागते. ३२८आयच्या मालकाने तेवढ्या पैशांत चांगल्या अवस्थेतील ३३०आय शोधणे अधिक सोपे पडते, आणि जुनी गाडी सुट्या भागांसाठी ठेवता येते.

सर्किटवर जाताना डिकीत दोन जादा मागची चाके, जॅक, टॉर्क पाना, कूलंट, इंजिन आणि स्टिअरिंगचे तेल, होजच्या पकडी आणि केबल टाय असावेत. चाकांचे बोल्ट दर फेरीनंतर तपासावेत. गाडी घरी परत न्यायची असेल तर रस्त्यावर चालण्याजोगे टायर दिवस सुरू होण्यापूर्वीच बाजूला काढून ठेवावेत. संध्याकाळी ते उरलेले नसतात.